बिऱ्हाडघराचं गाऱ्हाणं

मला नसत्या चौकश्या फार. हे आमच्या ह्यांचं मत, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची जी थोडी मतं खरी निघाली त्यांतलं हे एक. पण दोष माझा एकटीचा नाही. मी टेलिफोन खात्यात होते, मुंबईचे ट्रंक कॉल लावून द्यायचे. दोघांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता आणि तो मी पाळलाही. तरी लाईन जोडताना "पोचलास काय रे?" एवढं कानावर पडायचंच. मग कोण पोचला, कुठे पोचला, जेवला की उपाशी, हे सगळं डोक्यात घेऊन मी संध्याकाळी घरी यायची. उत्तर कधी मिळायचं नाही. अशा अर्धवट गोष्टींचा साठा करण्यात माझी सगळी नोकरी सरली.

परवा मागल्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर वाऱ्याबरोबर मोहोराचा वास आला. यंदा थंडी उशिरा पडली म्हणून मोहोरही उशिराच. आमची आळी रत्नागिरीच्या अगदी टोकाला. शेवटच्या घराचा दगडी गडगा संपला की कातळ सुरू होतो, आणि कातळाच्या पलीकडे उतारावर हापूसच्या बागा, पार आरे-वाऱ्याच्या रस्त्यापर्यंत. मोहोराचा वास सगळ्यांनाच आवडतो असं नाही. उग्र असतो, शेजारच्या सुलभाचं तर डोकं धरतं. मला मात्र तो आला की मुलांचा एका सुरातला ओरडा ऐकू येतो, "व्हय म्हाराजा" असा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, कान तपासून घे. मी कान तपासणार नाही. मला ठाऊक आहे तो आवाज कुठल्या मोसमातला आहे.

आळीच्या टोकाचं, कातळाला लागून असलेलं कौलारू घर म्हणजे आमचं बिऱ्हाडघर. जांभ्याच्या भिंती, पुढे लांब पडवी, आत चार खोल्या, परसात विहीर. पावसाळाभर ते बंदच असतं. दिवाळी झाली की नेपाळातून बागांच्या राखणीला माणसं उतरतात. नवरा, बायको, पोरं, कधी म्हातारी आईसुद्धा. बागेत खोपटं बांधून राहतात, वानरं हाकलतात, फवारणीला हात लावतात. चिरेखाणींवर विजापूरकडची कुटुंबं येतात, दगड कापायला. हे सगळे लोक आले की आम्ही आळीतल्या बायका बिऱ्हाडघराची दारं उघडतो. सकाळी पोरांची बालवाडी. दुपारी बायकांनी यावं, बसावं, बाजारात लागेल तेवढं मराठी शिकावं. गुरुवारी एक डॉक्टरीण येते. ज्यांच्या खोपटाला दार नाही त्यांच्या ट्रंका आतल्या खोलीत राहतात. पावसाच्या आधी सगळे आपापल्या मुलखाला गेले की आम्ही झाडून, कुलूप लावून मोकळ्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. आम्ही त्या विंचवांना तेवढी पाठ टेकायला जागा देतो.

आता हे घर कुणाला सुचलं, याची चौकशी मी नाही करणार तर कोण करणार? सुचलं ते तात्यांना. तात्या आमच्या आळीतले सगळ्यांत वयस्कर. उभं आयुष्य मुंबईत गिरणीत काढून परत आलेले, अंगाने काटकुळे, आवाज मात्र देवळाची घंटाही ऐकू न देणारा. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमची खोली होती ना गो मुंबईला." त्यांच्या गावाची एक खोली परळात होती. गावातला कुणीही पोरगा मुंबईला गेला की त्याची ट्रंक त्या खोलीत पडायची आणि भिंतीतली एक खुंटी त्याची व्हायची. नोकरी लागेपर्यंत कोणी त्याला हाकलायचं नाही. आजारी पडला तर खोलीतली माणसं पेज करून द्यायची. तात्यांचं म्हणणं, आम्ही परमुलखात गेलो तेव्हा आम्हाला खोली होती, मग आपल्याकडे आलेल्या माणसाला नको काय? त्यांच्या भावाचं हे घर रिकामंच होतं. भाऊ डोंबिवलीला, कधी गणपतीला आला तर आला. तात्यांनी त्याला न विचारता उघडलं आणि मग विचारलं. भावाने हो म्हटलं, कारण तात्यांच्या आवाजापुढे फोनवर नाही म्हणणं सोपं नव्हतं. तो कॉल मी लावून दिला होता, म्हणून एवढं खात्रीने सांगते.

परळच्या खोलीतून तात्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे गाऱ्हाणं. घाटावरच्या माणसांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना जाणत्या माणसाने उभं राहून देवाला मोठ्याने सांगायचं, की बाबा, आम्ही अमुक ठिकाणी, अमुक कामाला लागलोय, लक्ष असू दे. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. परळच्या खोलीत वर्षातून एकदा असं गाऱ्हाणं व्हायचं. तात्या सांगायचे, गावची देवी गावात. पोरगा परळात. तिला कोणी सांगितलंच नाही तर तिला कळणार कसं की पोरगा कुठल्या गल्लीत झोपतो? देवाला पत्ता कळवावा लागतो. हे ऐकल्यावर मला हसू आलं होतं, कारण मी तेच काम पगार घेऊन करत होते.

तर बिऱ्हाडघर उघडायच्या दिवशी पडवीत नारळ ठेवून तात्या उभे राहायचे. आधी आमचं ग्रामदैवत भैरीबुवा, मग आळीतल्या, वाटेवरच्या, समुद्राकडच्या सगळ्या देवता. आणि मग खरी मजा. तिथे आलेल्या माणसांचे देव. "विजापुराकडची यल्लम्मा आई म्हाराजा, तुझी लेकरां हय चिऱ्याच्या खाणीवर हायत." समोर बसलेली कानडी पोरं, नेपाळी पोरं, आमची पोरं, सगळी बेंबीच्या देठापासून ओरडायची, "व्हय म्हाराजा." त्यांना दुसरं मराठी येत नसायचं तेव्हा हे यायचं. एकदा गाऱ्हाण्यात आलेलं नाव कधी गळायचं नाही. माणसं यायची थांबली तरी त्यांचा देव राहायचा. रेल्वेचे बोगदे खणत होते त्या काळात ओरिसाकडची माणसं यायची, तेव्हापासून जगन्नाथ आहे. आज ओरिसाचं एक माणूस आमच्याकडे नाही, पण जगन्नाथाचं नाव घेतल्याशिवाय दार उघडत नाही. बिऱ्हाडघराचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो सगळा त्या गाऱ्हाण्यात आहे, कोण आधी आलं, कोण मागून आलं, त्याच क्रमाने. मला तर ते नुसतं ऐकूनच कळत गेलं.

फक्त एक वाक्य कळत नव्हतं. जगन्नाथानंतर तात्या जरा थांबायचे, आवाज खाली यायचा, आणि म्हणायचे, "आणि जी न सांगता गेली, तिची जी कोण आई आसंल ती म्हाराजा." पुन्हा घसा खाकरून पुढे. ही कोण? न सांगता कुठे गेली? मी सुलभाला विचारलं. सुलभा माझी शेजारीण, बिऱ्हाडघराचा सगळा व्यवहार तिच्या हातात, आणि माणूस इतकं कामाचं की कुतूहलाला तिच्याकडे वेळ नाही. ती म्हणाली, रेल्वेच्या वेळचं काहीतरी आहे, तुला काय करायचंय? तात्यांना विचारलं तर ते अडकित्त्याने सुपारी कातरत बसले. एकदा मी आणि हे खेडला लग्नाला गेलो होतो, तिथे स्टेशनजवळ एक म्हातारे चहावाले भेटले. बोगद्याच्या मजुरांना त्यांनी चहा पाजलेला. त्यांनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, ताई, चहा किती गोड लागायचा ते आठवतं मला प्रत्येकाचं, गाव कुणाचं विचारलं नाही. ह्यांनी तिथेच माझा हात धरून मला मांडवाकडे नेलं.

आणि मग तो मोसम आला, ज्याचा आवाज मला अजून मोहोराच्या वासात ऐकू येतो.

त्या वर्षी मोहोर असा फुलला होता की बागवाल्यांना आनंद व्हावा की भीती वाटावी हेच कळेना. झाडांचं पान दिसत नव्हतं. सकाळी बिऱ्हाडघराच्या पडवीत मोहोराची पिवळी भुकटी पडलेली असायची आणि पोरं त्यात बोटाने चित्रं काढायची. दुपारी खारा वारा सुटला की सगळं उडून जायचं. घर उघडून बरेच दिवस झाले होते, गाऱ्हाणंही झालं होतं, तेव्हा धनबहादूर आपल्या बायकोला घेऊन आला. तो स्वतः आधीची काही वर्षं कातळापलीकडच्या बागेत राखणीला यायचा, एकटाच. या वेळी गावाकडे तिला बघणारं कोणी उरलं नाही म्हणून बायकोला घेऊन आला, उशिरा. तिचं नाव बिस्ना. विशीतली असेल. गोल चेहरा, नाकात मोठी चमकी, आणि पोट चांगलंच दिसणारं. डॉक्टरणीने तपासलं आणि शिमग्याच्या सुमाराला बाळंत होईल म्हणून सांगितलं.

आमच्याकडे पद्धत अशी, की नवीन माणूस आलं की चहा द्यायच्याही आधी त्याला गाव विचारायचं आणि देव विचारायचा. सुलभाने बिस्नाला विचारलं, कुठली? ती म्हणाली, नेपाल. सुलभा म्हणाली, झालं, नेपाळचा पशुपतिनाथ आपल्याकडे कधीचा आहे. आणि तिच्या हातात कपबशी दिली. यात सुलभाचं काही चुकलं असं तेव्हा मलाही वाटलं नाही. मुंबईचा माणूस रत्नागिरीकडच्या कुणालाही गणपतीपुळ्याचे काय हो म्हणून विचारतो तेव्हा आमच्या मालगुंडच्या वहिनी किती चिडतात, हे माहीत असूनही वाटलं नाही.

बिस्ना रोज यायची. हिंदी मोडकं, मराठी शून्य. भिंतीला टेकून बसायची, इतर बायकांच्या पोरांचे केस विंचरून द्यायची. पहिले काही दिवस बरी होती. मग जेवणावरून तिचं मन उडालं. चेहरा उतरला. आणि एका सकाळी धनबहादूर बागेतून पळत आला. ती ट्रंक भरतेय म्हणाला. परत गावाला जाते म्हणते. आठवा महिना भरत आलेला, इथून रेल्वेने दिल्ली, पुढे बस, पुढे जीप, डोंगर. धनबहादूरला ऐन मोहोरात बाग सोडून जाता येणार नव्हतं, म्हणजे ती एकटी निघाली होती.

मग काय विचारता. सगळ्यांनी मिळून तिला समजवायला घेतलं. डॉक्टरणीने निक्षून सांगितलं की वाटेत काही झालं तर दोघांपैकी कोणीच हाती लागणार नाही. धनबहादूर आपल्या भाषेत ओरडला, मग रडला. विजापूरच्या शेवंताने तिची ट्रंक ओढून आत ठेवली आणि वर स्वतः बसली. सुलभा म्हणाली, आम्ही काय मेलोय काय, सरकारी दवाखाना दहा मिनिटांवर आहे, तू जातेस कुठे? प्रत्येक जण तिला जाऊ नको म्हणत होता. बिस्ना खाली मान घालून ऐकायची आणि सगळ्यांचं झालं की हळूच म्हणायची, जाना है.

मी बाजूला बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होते आणि मला माझी नेहमीची खाज सुटली. सगळे तिला जाऊ नको म्हणतायत, पण का जातेस हे कोणी विचारलंय का? मी शेंगा ठेवल्या आणि तिच्याजवळ सरकले. म्हटलं, गावात गेल्यावर सगळ्यांत आधी काय करशील? तिने माझ्याकडे बघितलं. मग धनबहादूरला मध्ये घालून, हिंदीत, खुणांनी, तिने सांगितलं ते असं.

त्यांचं गाव डोंगराच्या एका बाजूला. बाहेर जायची वाट एका खिंडीतून. त्या खिंडीला देउराली म्हणतात. देऊळ नाही, मूर्ती नाही, नुसता दगडांचा ढीग. गाव सोडून जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबतो, वाटेवरचा एक दगड उचलून ढिगावर ठेवतो, एक पान ठेवतो आणि सांगतो, मी जातोय, परत येईन. पिढ्यान् पिढ्या गेलेल्यांचे दगड आहेत तिथे. पण आता खालून गाडीरस्ता झालाय. त्या दिवशी जीप खालूनच निघाली. बिस्ना म्हणाली होती, वर जाऊन येते. जीपवाला म्हणाला, उशीर होतो. सगळे बसले होते, तीही बसली. ती दगड न ठेवता आली. देउरालीला ती गावातून गेल्याचं ठाऊकच नाही. मग ती तिथे नसताना, इथे, समुद्राच्या काठी, बाळ होताना तिच्याकडे कोण बघणार?

सुलभाने तरी एक प्रयत्न केला. म्हणाली, अगं पशुपतिनाथ आहे ना, त्याला सांगितलंय आपण. बिस्ना म्हणाली, वो सबका है. हे बोलताना तिला रडू फुटलं.

मी उठून तात्यांकडे गेले. ते पडवीच्या कोपऱ्यात उन्हात बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आत्ता गाऱ्हाणं घालायला नाही म्हणतील. कारण त्यांचा नियम पक्का होता. घर उघडायच्या दिवशी एकदाच गाऱ्हाणं, मध्येच देवाला हाक मारायची नाही. एकदा शेवंताचा नवरा खाणीत पडला होता तेव्हाही त्यांनी नियम मोडला नव्हता, गप्प दवाखान्यात जाऊन बसले होते. पण देउरालीचं ऐकताना त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. मला म्हणाले, "बस गो बाय. तुला सारखा विचारायचा असता ना ती कोण, न सांगता गेली ती? ऐक."

रेल्वेच्या वेळी एक बाई आली होती. नवरा बोगद्यात कामाला. तिला ताप भरला होता, म्हणून कोणीतरी तिला या पडवीत आणून टाकलं. तेव्हा घर नुकतं उघडलेलं. तात्यांच्या बायकोने, आक्कांनी, तिची सगळी सेवा केली. कांजी दिली, औषध दिलं, अंग पुसलं. तिची भाषा कुणालाच येत नव्हती. ती हात जोडून उगवतीकडे बघत सारखं काहीतरी सांगायची, आणि आक्का मान डोलवून म्हणायच्या, हो हो, होशील बरी. मग टोळीचं काम तिकडे संपलं आणि पुढच्या बोगद्यावर गेली टोळी. तिला तशीच अर्धवट बरी असताना घेऊन गेले. पुढे तिचं काय झालं कळलं नाही. त्या दिवसापासून आक्कांच्या मनाला लागून राहिलं, की आपण तिला सगळं दिलं, पण ती काय सांगत होती ते समजून घ्यायला कुणाला शोधलं नाही. ओरिसाची की आंध्राची, हेही विचारलं नाही. चहाच्या आधी गाव विचारायचं, हा नियम आक्कांचा. आणि ते एक वाक्यही आक्कांनीच गाऱ्हाण्यात घालायला लावलेलं. देवाघरी जाईपर्यंत आक्का दर वर्षी ते वाक्य कान देऊन ऐकायच्या, म्हणाले तात्या, तिचं लक्ष नसलं तर मी ते चुकवीन असं वाटायचं तिला.

एवढं बोलून ते उठले. धोतर झटकलं. मला म्हणाले, नारळ आण.

ते गाऱ्हाणं ऐन दुपारी झालं. ना पोरांना बोलावलं होतं ना आळीला, पण आवाज गेला तशी माणसं गोळा होत गेली. पाटावर नारळ. तात्या ताठ उभे, हात जोडलेले. या वेळी यल्लम्मा नाही, जगन्नाथ नाही, कोणी नाही. थेट एकच नाव.

"बा देउराली आई म्हाराजा. तुझी लेक बिस्ना घाईत निगाली, तुला सांगाचा ऱ्हायला. तिच्यावर रागावू नको. ती आज रत्नागिरीत हाय, आमच्या पडवीत हाय, आमच्या भैरीबुवाच्या हद्दीत हाय. तिचा दगड आमी हय ठेवतंव, तो तुझ्या पायाशी पोचला आसा समज, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पोरं ओरडली. शेवंताही म्हणाली, ट्रंकेवरून न उठता.

मग दगड. कातळावर दगडांना काय तोटा? पण बिस्ना स्वतः उठली, गडग्यापलीकडे गेली, बराच वेळ वाकून बघत राहिली आणि जांभ्याचा एक लालभडक तुकडा घेऊन आली, मुठीत मावेल एवढा. पायरीच्या बाजूला, जांभळीच्या बुंध्याशी तिने तो ठेवला. वर आंब्याचं एक पान ठेवलं, मोहोरासकट. काहीतरी पुटपुटली. मग ती सरळ आत गेली आणि शेवंताला म्हणाली, भूक लगी है. त्या दिवशी तिने आमच्याकडचा भात आणि कुळथाची पिठी इतकी खाल्ली की सुलभाला परत चूल पेटवावी लागली.

दुसऱ्या दिवशी बघते तर जांभळीखाली आणखी दगड. शेवंताने एक ठेवला होता. एका नेपाळी म्हातारीने एक. तात्यांनीही एक ठेवला होता, जरा बाजूला, एकटा. तो कुणासाठी हे मी त्यांना विचारलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच न केलेली चौकशी असेल.

शिमग्यात पालखी आळीत आली तेव्हा बिस्नाला कळा लागल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रिक्षावाला पालखी नाचवणाऱ्यांत, त्याला खांदा बदलून ओढून आणावं लागलं, तो गुलालाने माखलेला तसाच गाडी चालवत गेला. दवाखान्यात नर्सबाई आम्हाला बघून ओरडल्या, एवढ्या सगळ्या आत नाही. सुलभा, मी, शेवंता बाहेर बाकावर. बाहेर ढोल वाजत होते आणि शेवंता कानडीत जप करत होती. मला भीती वाटत होती, उगाच लपवून काय करू. आपण तिला थांबवलं. एका दगडाच्या आणि आवाजाच्या जोरावर थांबवलं. काही वाकडं झालं असतं तर मी मोहोराच्या वासाला पुन्हा तोंड देऊ शकले नसते. मग आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगी. दोघी सुखरूप. शेवंताने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस दुखत होतं.

मुलीचं नाव काहीतरी आपल्याकडचं ठेवतील असं आम्हाला वाटलं होतं. सुलभाने दोन-तीन सुचवलीही. त्यांनी ठेवलं सुश्मा, धनबहादूरच्या आत्याचं. बरोबरच केलं म्हणा.

आंबे उतरले, पेट्या भरल्या, मुंबईला गेल्या. बागांमधून आंबे काढायचे झेले खांद्यावर टाकून माणसं परतू लागली आणि खोपटं मोडायची वेळ आली. निघायच्या दिवशी बिस्ना ट्रंक न्यायला बिऱ्हाडघरात आली, सुश्मा पाठीला बांधलेली. तिने ट्रंक उघडली, झबली बाजूला केली आणि जांभळीखालून उचलून आणलेला तो लाल तुकडा आत ठेवला. मी विचारलं, हा का नेतेस? तिला आता बऱ्यापैकी मराठी यायला लागलं होतं. म्हणाली, "तात्या म्हणाले ना, पोचला असं समज. समज नको. मी पोचवते."

त्यानंतर काही वर्षं ती येत राहिली. सुश्मा पडवीत रांगली, चालली, "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकली. तात्या एका पावसाळ्यात गेले, घर बंद असताना. दिवाळीनंतर उघडायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, गाऱ्हाणं कोण घालणार? पुरुषांना नावं पाठ नव्हती. बायकांनी घालायचं नसतं असं दोन-चार जण म्हणाले. सुलभा म्हणाली, मग सांगा तुम्ही, जगन्नाथाच्या पुढचं वाक्य काय? कोणाला सांगता येईना. शेवटी मी उभी राहिले. आणि नावं एकामागून एक येत गेली, कारण त्यांची चौकशी करण्यात माझी वर्षं गेली होती. जगन्नाथानंतर माझाही आवाज आपोआप खाली आला. आक्का कुठून तरी कान देऊन असतील असं वाटलं.

त्या वर्षापासून धनबहादूर येत नाही. त्यांनी गावाखालच्या गाडीरस्त्यावर चहाचं दुकान टाकलंय. गेल्या आठवड्यात बिस्नाचा व्हिडिओ कॉल आला. मी मोहोर दाखवला तिला मोबाईल उंच करून, तिने बर्फ दाखवला लांबच्या डोंगरावरचा. सुश्मा शाळेत जाते म्हणाली. मग विचारलं, तात्यांनंतर गाऱ्हाणं कोण घालतं? म्हटलं, मी. तिने विचारलं, मी येत नाही, तर देउरालीचं नाव गाळलं का? मी म्हटलं, आपल्याकडे नाव गाळत नाहीत गो.

ती हसली. मग म्हणाली, ताई, त्या खिंडीतून आता कमी लोक जातात. पण जे जातात ते खाली उतरल्यावर दुकानात थांबून विचारतात. सगळे दगड करडे आहेत, मध्येच हा एक लाल कुठून आला? मी त्यांना सांगते, ही रत्नागिरीची देउराली. हिला पण एक पान ठेवा. ठेवतात.